मदत हवी आहे: बाईला स्वतःला किती मुलं हवी होती, हे कसं विचारू?

नमस्कार. आमच्या तालुक्यातल्या बचत गटांतल्या बायकांशी बोलून एक छोटा अहवाल लिहायचा आहे, त्यासाठी मदत हवी आहे.

सरकारी आकडे आहेत माझ्याकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशाचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईला आयुष्यभरात सरासरी होणारी मुलं, 2.0 निघाला. बायकांना हवी तेवढीच मुलं झाली असती, तर तो 1.6 असता. म्हणजे मनात नसताना झालेली बाळंतपणं अजूनही आहेत, आणि मला त्यांच्याबद्दलच ऐकायचं आहे.

अडतंय ते प्रश्नापाशी. सर्वेक्षणात साधारण असं विचारतात: एकही मूल नव्हतं त्या काळात परत जाता आलं, तर किती मुलं हवीत म्हणाल? मी विचारलं की बहुतेकजणी पदरात आहेत तेवढाच आकडा सांगतात. पोटच्या लेकराला ‘नको होतं’ कोण म्हणेल? सासूबाई शेजारी असल्या तर बोलणंच खुंटतं. दोन मुलींवर मुलगा झालेल्या घरात तिसरं मूल नक्की कोणाला हवं होतं, हे मला मनापासून समजून घ्यायचं आहे.

आशाताई, परिचारिका, गावोगाव फिरून असं काम केलेल्या कोणीही कृपया सांगा: तुम्ही हा प्रश्न कसा मांडता? मुलगे किती, मुली किती हे आधी विचारावं की शेवटी? तांबी आणि ऑपरेशनचा विषय त्याच भेटीत काढावा का? मराठीत वापरलेली प्रश्नावली असेल तर नक्की पाठवा.