मदत हवी आहे: बाबांसाठी कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच या गोल्फ मैदानावर एक राउंड (अठरा होलचा खेळ), आणि कंट्री क्लबची मेंबरशिप. खरा खर्च किती?

रानजाई

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत, सॉमरसेट काउंटीत राहतो. दोन गोष्टी विचारायच्या आहेत आणि दोन्हींत मोठ्या रकमेचा प्रश्न आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण थोडक्यात विचारलं की "गोल्फवर एवढे पैसे कशाला?" हेच उत्तर मिळतं, आणि ते मला घरी-दारी मिळून झालं आहे.

माझे बाबा येरवड्याचे. अकराव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत ते तिथल्या गोल्फच्या मैदानावर कॅडी होते. शाळा दुपारची, म्हणून पहाटेच जाऊन बसायचे. बॅग खांद्यावर घ्यायची, चेंडू कुठे पडला ते नजरेत धरायचं, साहेबांनी मागायच्या आत योग्य काठी हातात द्यायची. सोमवारी मैदान रिकामं असे, तेव्हा कुणीतरी टाकून दिलेल्या एका सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी काठीने) ही सगळी मुलं आळीपाळीने खेळत. पुढे बाबा खडकीला कारखान्यात लागले आणि खेळ सुटला तो थेट निवृत्तीपर्यंत. आता अडुसष्ट वर्षांचे आहेत, आठवड्यातून एकदा रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जातात. हात अजून बसलेला आहे, सात नंबर घेतला की चेंडू सरळ जातो. पण एखाद्या चांगल्या मैदानावर, स्वतःच्या नावाच्या टी टाइमवर (राखून ठेवलेल्या वेळेवर), अठरा होल ते आयुष्यात कधीच खेळलेले नाहीत.

टीव्हीवर पेबल बीच लागलं की ते आवाज बंद करून नुसतं बघत बसतात. मे महिन्यात पहिल्यांदाच इकडे येत आहेत. त्यांना तिथे खेळवायचं असं मी मनाशी ठरवलं आहे. विमानाचं तिकीट सोडून अडीच हजार डॉलर बाजूला काढले आहेत. पण तिथल्या रिसॉर्टच्या खोल्यांचे दर पाहिले आणि छातीत धस्स झालं. शिवाय दोन रात्री राहणं सक्तीचं आहे असं दिसतंय. तिथे न राहता खेळता येतं का? कॅडी घ्यावा की कार्ट (मैदानावरची छोटी गाडी)? बाबा रोज सकाळी पाच किलोमीटर चालतात.

दुसरा प्रश्न असा, की नवऱ्याच्या फर्ममधल्या सीनियर पार्टनरने त्याला आपल्या कंट्री क्लबमध्ये घ्यायचं ठरवलं आहे. ते स्वतः नाव सुचवणार, अनुमोदन देणारेही त्यांच्याच ओळखीचे. क्लबने दिलेला कागद असा: प्रवेश फी ४५,००० डॉलर (परत मिळणार नाही), महिन्याचे ड्यूज (वर्गणी) १,१५०, जेवणाचं किमान बिल तिमाहीला ६००, कॅपिटल चार्ज महिन्याला १२५, लॉकर आणि बॅग ठेवण्याचे वर्षाला ५००. कार्टचे पैसे वेगळे. नवरा आठवड्यातून एकदा खेळेल, लेक नऊ वर्षांची आहे, तिला पोहायला आवडतं. परवा क्लब बघायला गेलो होतो. सगळं सुंदर होतं, लोकही आदराने वागले. पण मागच्या बाजूला बाकावर कॅडीची मुलं बसली होती, ती बघून माझं लक्ष पुढच्या बोलण्यात लागलं नाही. तेव्हा माझं मत जरा बाजूला ठेवून तुम्हीच सांगा, हा खर्च खरंच किती पडतो?

पाऊलवाट

रानजाई, पेबल बीचचं मी सांगते. आम्ही मॉन्टेरीपासून अर्ध्या तासावर राहतो आणि माझ्या सासऱ्यांना घेऊन दोन वर्षांपूर्वी हे सगळं केलं आहे.

रिसॉर्टमध्ये न राहता खेळता येतं. ते मैदान खासगी क्लबचं नाही, पैसे भरणाऱ्या कुणालाही खुलं आहे. अडचण एवढीच, की रिसॉर्टच्या पाहुण्यांना महिनोन्‌महिने आधी वेळ मिळते आणि बाहेरच्यांना फक्त एक दिवस आधी. चौघांना एकत्र जागा मिळणं मे महिन्यात अवघड. पण एकट्या खेळाडूला एखाद्या तिघांच्या गटात जागा बऱ्याचदा मिळते. म्हणून फक्त बाबांसाठी विचार. आदल्या दिवशी सकाळी फोन कर, आणि नाही जमलं तर प्रत्यक्ष जाऊन काउंटरवर नाव देऊन ठेव. तिथल्या लोकांना सरळ सांग की वडील येरवड्यात कॅडी होते. लाजू नकोस.

आम्हाला ग्रीन फी (एका राउंडची मैदानाची फी) ६७५ डॉलर पडली. कार्ट बाहेरच्यांना वेगळी घ्यावी लागते. पण कार्ट रस्त्यावरच ठेवायची असते, फेअरवेवर (खेळायच्या गवतावर) नेता येत नाही, त्यामुळे प्रत्येक फटक्याला तिरकं चालत जाऊन परत यावं लागतं. रोज पाच किलोमीटर चालणाऱ्या माणसाला कॅडी बरा. त्याचे दीडशेच्या वर जातात आणि वर टिप. एकूण हजार डॉलर धर. राहायला मॉन्टेरीत किंवा सीसाइडला साधं मोटेल घे, रिसॉर्टच्या एका रात्रीत तिथे चार-पाच रात्री निघतील.

आता दुसरं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं. सगळी भिस्त त्या एका राउंडवर ठेवू नकोस. ऐनवेळी धुकं आलं, जागा मिळाली नाही, तर बाबांना हिरमुसलेलं घेऊन परतशील. पेबल बीचच्या आवारातच 'द हे' नावाचं नऊ छोट्या होल्सचं मैदान आहे. २०२१ मध्ये टायगर वुड्सने ते नव्याने आखलं. त्यातला दुसरा होल म्हणजे पेबल बीचच्या सातव्या होलची प्रतिकृती आहे, तोच बाबांचा टीव्हीवरचा. आम्हाला माणशी शंभराच्या आत पडलं आणि आमच्या दहा वर्षांच्या मुलाचे पैसे घेतलेच नाहीत. तिथे तू, नवरा, लेक, बाबा सगळे एकत्र खेळू शकता.

आणि पॅसिफिक ग्रोव्ह. ते गावाचं, म्हणजे नगरपालिकेचं मैदान. शेवटचे नऊ होल समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतून जातात, शेजारी १८५५ पासूनचं दीपगृह आहे. हे नऊ होल जॅक नेव्हिलने आखले, ज्याने डग्लस ग्रँटबरोबर पेबल बीच आखलं तोच. वारा तोच, पाणी तेच. पेबल बीचच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी पैशांत अठरा होल होतात. माझे सासरे दोन्हीकडे खेळले, आणि घरी गेल्यावर फोनवर भावाला सांगत होते ते पॅसिफिक ग्रोव्हबद्दल.

हिशेबनीस

क्लबचा हिशेब मी मांडतो. मी सीपीए (इकडचा सनदी लेखापाल) आहे, आणि हा कागद अनेकांनी माझ्यासमोर ठेवला आहे.

ड्यूज १३,८००, जेवण २,४००, कॅपिटल १,५००, लॉकर-बॅग ५००. झाले वर्षाला १८,२००. प्रवेश फी दहा वर्षांत वाटली तर आणखी ४,५००, म्हणजे २२,७००. न्यू जर्सीत आठवड्यातून एकदा म्हटलं तरी एप्रिल ते नोव्हेंबर मिळून बत्तीसच राउंड होतात. भागा: एका राउंडला साधारण ७१० डॉलर. कार्ट, जेवणावरचा सर्व्हिस चार्ज, नाताळात नोकरवर्गासाठी गोळा होणारा निधी, पाहुण्यांची फी हे त्यात नाही. पाऊलवाट यांनी पेबल बीचची ग्रीन फी सांगितली आहे, ती शेजारी ठेवून बघा. तुमच्या घराजवळच्या क्लबमध्ये दर आठवड्याला एक पेबल बीच होतंय.

कंपनीच्या खर्चात दाखवता येईल असं कुणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. १९९३ च्या कायद्याने क्लबच्या ड्यूजची वजावट बंद झाली, ती १९९४ पासून नाहीच. २०१७ च्या कायद्याने ग्राहकाला गोल्फ खेळवण्याच्या खर्चाची वजावटही गेली. ६.६२५ टक्के विक्रीकर यातल्या कुठल्या रकमांवर लागणार आहे, हेही क्लबकडून लेखी घ्या.

सही करण्याआधी तीन गोष्टी मागा. पहिली, गेल्या पाच वर्षांत किती वेळा असेसमेंट लावली. क्लबहाउसचं छप्पर किंवा मैदानाची पाण्याची व्यवस्था बदलायची झाली की खर्च मेंबरांत वाटला जातो, आणि तो कागदावरच्या आकड्यांत कधीच नसतो. दुसरी, क्लबवर कर्ज किती. तिसरी, बाहेर पडायचं झालं तर ड्यूज कधी थांबतात. काही क्लबांत तुमच्या जागी नवा माणूस येईपर्यंत ड्यूज चालू राहतात. माझ्या एका अशिलाची बदली टेक्सासला झाली आणि त्याने पुढे चौदा महिने पैसे भरले. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण ते कलम त्याने सही केलेल्या कागदातच होतं.

सांजवारा

हिशेबनीसांचं गणित बरोबर आहे, पण अर्धंच आहे. आम्ही नऊ वर्षं एका क्लबचे मेंबर आहोत. मे ते सप्टेंबर आमची दोन्ही मुलं रोज तिथल्या पोहण्याच्या तलावावर असतात, टेनिस तिथेच शिकली, आणि माझ्या आईला संध्याकाळी चालायला तिथे मैत्रिणी मिळाल्या. राउंडला भागून याची किंमत निघत नाही. पण ताई, हे आम्हाला जमलं कारण आम्ही सोशल मेंबरशिपने सुरुवात केली. तलाव, टेनिस, जेवण, आणि गोल्फ मोजक्याच वेळा. प्रवेश फी पूर्ण मेंबरशिपच्या एका छोट्या भागाइतकी होती. पार्टनरसाहेबांना तेवढं विचारून बघा. आणि चाळिशीच्या आतल्यांसाठी बऱ्याच क्लबांत फी हप्त्याने घेतात, नवऱ्याचं वय बसत असेल तर तेही.

कोकणकडा

तुम्ही सॉमरसेट काउंटीत राहता ना? मग काउंटीचं रहिवासी कार्ड आधी काढा. नेशॅनिक व्हॅली, क्वेल ब्रुक, स्पूकी ब्रुक, ग्रीन नोल ही सगळी काउंटीच्या पार्क कमिशनची मैदानं आहेत आणि रहिवाशांना दर बराच कमी पडतो. नेशॅनिकवर यूएसजीएची (अमेरिकेच्या गोल्फ संघटनेची) राष्ट्रीय स्पर्धा झाली आहे, मैदान कुठेही हलकं नाही. नवऱ्याने तिथे दर आठवड्याला खेळून बघावं एक हंगाम. लेकीसाठी 'यूथ ऑन कोर्स'मध्ये नाव घाला, त्यात सहभागी मैदानांवर मुलांना पाच डॉलर किंवा त्याहून कमीत खेळता येतं.

आणि लिबर्टी कॉर्नरला यूएसजीएचं संग्रहालय आहे, तुमच्यापासून फार लांब नाही. मागे पटिंगचं मैदान आहे. बाबांना तिथे न्या. फ्रान्सिस विमेटची गोष्ट त्यांना सांगा, नसेल माहीत तर. ब्रुकलाइनला 'द कंट्री क्लब'च्या समोरच्या रस्त्यावर राहणारा, तिथेच कॅडी म्हणून वाढलेला मुलगा, १९१३ मध्ये त्याच मैदानावर यूएस ओपन जिंकला. त्याची बॅग उचलणारा एडी लोअरी दहा वर्षांचा होता.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. ७१० चा आकडा नवऱ्याने दोनदा स्वतः करून बघितला आणि मग बराच वेळ काही बोलला नाही. पार्टनरना त्याने काल नीट सांगितलं, की यंदा जमणार नाही, सोशल मेंबरशिपचं पुढच्या वर्षी बघू. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. काउंटीचं कार्ड शनिवारी काढतोय.

बाबांना मी हे सगळं अचानक दाखवणार होते, पण आईने फोनवर सांगून टाकलं. ते आधी म्हणाले, एवढ्या पैशात पुण्यात वर्षभर खेळता येईल. मग थोड्या वेळाने त्यांनीच परत फोन केला आणि विचारलं, सातव्या होलला वारा कुठून येतो.

मॉन्टेरीत चार रात्री घेतल्या आहेत. पहिल्या दिवशी सगळे मिळून 'द हे', दुसऱ्या दिवशी पॅसिफिक ग्रोव्ह, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापैकी जेव्हा मिळेल तेव्हा बाबा पेबल बीचवर. पण ते कॅडी घ्यायला तयार नाहीत. म्हणतात, माझी बॅग मी उचलतो, दुसऱ्याच्या खांद्यावर नको. काय करू?

पाऊलवाट

वारा समुद्राकडून येतो. १९९२ च्या यूएस ओपनमध्ये शेवटच्या दिवशी तो इतका होता, की शंभराहून थोड्याच जास्त यार्डांच्या त्या होलवर टॉम काइटने सहा नंबरचा आयर्न मारला. तरी ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) चुकलं, मग बाहेरूनच चिप करून (छोटा फटका मारून) त्याने चेंडू थेट होलमध्ये घातला आणि ती स्पर्धा जिंकली. बाबांना सांग, सात नंबर बरोबर आणाच.

कॅडीचं म्हणशील तर त्यांना सांग, की तिथली ग्रीन्स फार लहान आणि फसवी आहेत, चेंडू कुठे वळेल ते रोज तिथे चालणाऱ्यालाच कळतं. बॅग उचलणं हा त्या कामाचा लहानसा भाग आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

रानजाई

हे वाचून दाखवलं. तयार झाले. आता एकच विचारतात: टिप बिलात घालतात की हातात देतात? त्यांना स्वतः द्यायची आहे.

पाऊलवाट

हातात, रोख. अठराव्या ग्रीनवर टोपी काढून हात मिळवतात, तेव्हा.