व्हीआर.५ तंत्रामुळे नाही, माणसांमुळे लक्षात राहते

आभासी वास्तवावरच्या (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे व्हीआर) जुन्या मालिका आता पाहवत नाहीत, तंत्र फार शिळं वाटतं, असं म्हटलं जातं. १९९५ची 'व्हीआर.५' मात्र मी यातून वगळेन. फॉक्स या अमेरिकी वाहिनीवर तिचे जेमतेम १० भाग दाखवले आणि ती बंद झाली. चित्रीकरण १३ भागांचं झालं होतं.

नायिका सिडनी ब्लूम (लोरी सिंगर) टेलिफोन कंपनीत लाइन दुरुस्तीचं काम करते. ती कुणालातरी फोन लावते, रिसीव्हर मोडेमवर (संगणक फोनलाइनला जोडणाऱ्या यंत्रावर) ठेवते आणि पलीकडचा माणूस नकळत तिच्या आभासी जगात ओढला जातो. तिथे जे घडतं त्याचा परिणाम त्याच्या खऱ्या मनावर होतो. मला ही कल्पना आजही अस्वस्थ करते, कारण त्या माणसाची परवानगी कुणी घेतलेलीच नसते. व्हीआर हेडसेटच्या जाहिराती बघताना मला हटकून तो रिसीव्हर आठवतो.

त्या आभासी प्रसंगांचे रंगही विलक्षण आहेत. ते कृष्णधवल चित्रित करून नंतर रंगवलेले, त्यामुळे सगळं अर्धवट आठवणाऱ्या स्वप्नासारखं दिसतं. संगणकी चित्रांचा भपका नाही, म्हणूनच ते जुनं झालेलं नाही.

आणि मुळाशी आहे तो लहानपणीचा मोटार अपघात, त्यात गमावलेले वडील आणि जुळी बहीण. सिडनी तंत्राच्या नादाने आत जात नाही, ती त्यांना शोधायला जाते. मालिका कुठे मिळाली तर पहिला भाग तरी नक्की बघा.