मदत हवी आहे: प्रेसमध्ये भाच्याची बोटं गेली, ठेकेदार सही मागतोय

नमस्कार मंडळी,

माझा भाचा (वय २३, आयटीआय फिटर) चाकणजवळ एका प्रेस शॉपमध्ये (मशीनने पत्रा दाबून सुटे भाग बनवतात तिथे) ठेक्यावर आहे. तिथे गाड्यांचे ब्रॅकेट बनतात. मागच्या महिन्यात रात्रपाळीला डायमध्ये (साच्यात) अडकलेला पत्रा काढताना पॉवर प्रेस डबल पडली, म्हणजे आपोआप पुन्हा खाली आली. उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली, मधल्या बोटाचं वरचं पेरं गेलं. प्रेसला दोन हातांनी दाबायची बटणं आहेत, पण माल लवकर निघावा म्हणून पायडलवर चालवायला लावतात. हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर तर केव्हापासून बंद. सोबतची पोरं हे सगळं सांगतात, पण लिहून द्यायला घाबरतात. त्यांना तरी दोष कसा देऊ, उद्या त्यांनाच त्या प्रेसवर उभं राहायचंय.

सुपरवायझरने त्याला ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) दवाखान्यात नेलंच नाही. खाजगी हॉस्पिटलात नेलं, बिल कंपनीने भरलं, आणि केसपेपरवर ‘घरी दारात हात सापडला’ असं लिहवून घेतलं. पगारातून ईएसआयचा पाऊण टक्का मात्र दर महिन्याला कापला गेलाय, स्लिपा आहेत. आता ठेकेदार म्हणतो, पन्नास हजार घे, या कागदावर सही कर, बरा झालास की पॅकिंगला घेतो. कागद अर्धा कोरा आहे. बहीण म्हणते, सही करून टाकू, नोकरी तरी राहील. माझं मन धजत नाही. ईएसआयकडून नक्की काय मिळतं? केसपेपर असा असताना दावा टिकेल का? कृपया लवकर सांगा, ठेकेदार रोज फोन करतोय.

प्रतिसाद १

दादा, सही अजिबात नको. पुढे दाव्याच्या आड तोच कागद आणतील.

हिशेब बघा. बरा होईपर्यंत घरी असेल त्या काळात सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. त्यानंतर मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात रक्कम मिळत राहते. कायद्याच्या अनुसूचीत पूर्ण तर्जनीला १४ टक्के आणि मधल्या बोटाच्या एका पेराला ७ टक्के आहेत. बोर्डाने २१ टक्के धरले आणि सरासरी रोज ५०० असला, तर त्याच्या ९० टक्के ४५०, आणि ४५० चे २१ टक्के, म्हणजे रोज साधारण ९४ रुपये. महिन्याला अठ्ठावीसशेच्या आसपास, आणि तेही जन्मभर. दुसरीकडे नोकरी लागली तरी ते बंद होत नाही. पन्नास हजार दीड वर्षात वसूल होतात हो! बोर्डाचा आकडा पटला नाही तर अपील करता येतं.

कंपनीने अपघाताचा अहवाल, म्हणजे फॉर्म १२, भरायला हवा होता. भरला नसेल तर भाच्याच्या नावाने तारीख, पाळी, मशीन लिहून ईएसआयच्या शाखेत अर्ज द्या, पोच घ्या. त्या रात्रीची हजेरी, सुपरवायझरचे मेसेज, गेटवरची नोंद, हॉस्पिटलचं बिल कुणाच्या खात्यातून गेलं, हे सगळं जमवा. दारात हात सापडलेल्याचं बिल कंपनी कशाला भरेल? केसपेपरला तेच उत्तर. ठेक्यावरचा आहे म्हणून मूळ कंपनी हात झटकू शकत नाही. आणि ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ कामगार कामावर येऊ शकला नाही तर अपघात कारखाना निरीक्षकांना कळवणं बंधनकारक आहे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार कराच, नाहीतर ती प्रेस तशीच चालू राहील.

प्रतिसाद २

सेफ इन इंडिया ही संस्था वाहन उद्योगातल्या अशाच जखमी कामगारांना ईएसआयचे हक्क मिळवून द्यायला मदत करते. त्यांच्याशी बोला.

धागाकर्ता

खूप आभार. बहिणीला हिशेब वाचून दाखवला, सही होणार नाही. सोमवारी शाखेत जातोय. आणखी एक विचारायचं राहिलं: तर्जनी नसताना फिटरचं काम कुणी पुढे चालू ठेवलंय का? पकड कशी बसवली, कोणतं काम जमलं? त्याला पॅकिंगला बसायचं नाहीये.