विषय: जुन्या घराचं पाण्याचं बिल, आणि बाळासाठी पाणी उकळावं का?

पोर्टेज पार्क, शिकागोहून:

नमस्कार मंडळी,

आम्ही नुकताच १९२० च्या दशकातला एक बंगलो घेतला. पाण्याचं पहिलं बिल आलं ते एकदम सहा महिन्यांचं, आणि जेवढे पैसे पाण्याचे तेवढेच सीवरचे (सांडपाण्याचे). किती पाणी वापरलं याचा आकडा नाही, घरात मीटरही दिसत नाही. हे असंच असतं का?

दुसरं म्हणजे, पुढच्या महिन्यात बाळाचं उष्टावण आहे. पेज, खिमट करायला नळाचं पाणी चालेल ना? आई म्हणते, उकळून घे.

शॉमबर्गहून:

अभिनंदन! लेक मिशिगनचं पाणी आहे, उत्तमच असतं. तरी बाळासाठी दहा मिनिटं खळखळून उकळा, म्हणजे जिवाला घोर नको.

ओक पार्कहून:

काका, तुमचा मान राखून सांगते, शिकागोतल्या जुन्या घराला हा सल्ला नको. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, पाणीपुरवठ्याच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तळ्याचं पाणी चांगलं आहे हे खरंच. किनाऱ्यापासून साधारण दोन मैल आत ते उचलतात आणि नेव्ही पियरजवळच्या जार्डीन केंद्रात किंवा दक्षिणेकडच्या सॉयर केंद्रात शुद्ध करतात. रस्त्याखालच्या मोठ्या पाइपपर्यंत काळजीचं कारण नाही. काळजी आहे ती त्या पाइपातून तुमच्या घरात येणाऱ्या नळीची. १९८६ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली, तोपर्यंत शिकागोच्या नियमांप्रमाणे घरांच्या जोडणीला शिशाचीच नळी घालावी लागे. अशा सुमारे चार लाख जोडण्या या शहरात आहेत, देशात सर्वांत जास्त. तुमचं घर त्या काळातलं आहे.

उकळल्याने जंतू मरतात, शिसं जात नाही. उलट पाणी आटतं आणि उरलेल्यात शिशाचं प्रमाण वाढतं. पेजेत तर तांदूळ ते सगळं पाणी पितो. लहान मुलांच्या मेंदूला शिशाचा कुठलाच डोस सुरक्षित मानलेला नाही. म्हणून कळकळीने सांगते, उष्टावणाआधी एवढं कराच: बेसमेंटमध्ये जिथे नळी भिंतीतून किंवा जमिनीतून आत येते तिथे नाण्याने हलकेच खरवडा. चकचकीत रुपेरी दिसली, मऊ लागली आणि लोहचुंबक चिकटला नाही, तर ती शिशाची. मग ३११ या शहराच्या मदत क्रमांकाला फोन करून पाण्याच्या तपासणीचा संच मागवा, तो फुकट मिळतो. तोवर ‘एनएसएफ ५३’ या फिल्टरच्या प्रमाणकाचा शिक्का असलेला फिल्टर वापरा, पण खोक्यावर शिसं काढतो असं स्पष्ट छापलेलं हवं. स्वयंपाकाला कधीही गरम नळाचं पाणी घेऊ नका. रात्रभर साचलेलं पाणी सकाळी पाच मिनिटं सोडून द्या.

शहर पाण्यात फॉस्फेट घालतं, त्याने नळीच्या आत एक थर बसतो आणि शिसं कमी सुटतं. पण नळीला धक्का लागला की थर निघतो. मीटर बसवल्यावर काही घरांत शिसं वाढलेलं आढळलं, म्हणून २०१९ मध्ये शहराने मीटर बसवण्याचं काम थांबवलं होतं. तेव्हा मीटर घ्यायचा असेल तर नळीचं आधी विचारा.

बिल बरोबर आहे. मीटर नसलेल्या घरांना इमारतीची रुंदी, नळ, संडास वगैरे पाहून सहा महिन्यांचं बिल लावतात, आणि सीवरचा आकार पाण्याइतकाच असतो. तो पैसा शहराच्या गटारांसाठी. सांडपाणी शुद्ध करणारी संस्था वेगळी, १८८९ ची, आणि तिचे पैसे तुम्ही प्रॉपर्टी टॅक्समधून भरता. याच संस्थेने १९०० मध्ये शिकागो नदीचा प्रवाह उलटा फिरवला, म्हणजे मैला पिण्याच्या पाण्याच्या तळ्यात जाणार नाही.

नेपरव्हिलहून:

ताई, आमच्याकडेही हीच भीती का?

ओक पार्कहून:

पाणी तुम्हालाही लेक मिशिगनचंच येतं, शिकागोकडून ड्युपेज वॉटर कमिशन घेतं आणि तुम्हाला देतं. घरं मात्र बहुतेक नवी, त्यामुळे धोका बराच कमी. इलिनॉयच्या २०२१ च्या कायद्याने प्रत्येक गावाला घरांच्या जोडण्या कशाच्या नळीच्या आहेत याची यादी करावी लागते, त्यात आपला पत्ता बघा.

पोर्टेज पार्कच्या ताईंना एक राहिलं. शिकागोत पावसाचं आणि संडासाचं पाणी एकाच गटारातून जातं. जोराच्या पावसात ते तुंबून बेसमेंटच्या मोरीतून वर येतं. हे जादा पाणी साठवायला खोदलेले १०९ मैलांचे ‘डीप टनेल’ बोगदे २००६ मध्ये पूर्ण झाले, थॉर्नटनचा साठवण तलाव २०१५ पासून आहे, तरीही मोठ्या सरीला ते पुरेलच असं नाही. पाऊस सुरू असताना वॉशिंग मशीन, डिशवॉशर लावू नका. बेसमेंटमध्ये बाळाची खोली करणार असाल तर आधी प्लंबरकडून उलटं पाणी रोखणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या. नळी खरवडून काय दिसलं तेही इथेच कळवा, पुढचा खर्च आणि परवाने कसे मिळतात ते मी सांगते.