शिंपल्यांच्या वाटेने चिनूकांना काय मिळालं?

नदीकाठ
अमेरिकेत पोर्टलंडला आल्यापासून केप डिसअपॉइंटमेंटला तीनदा गेले. कोलंबिया नदी पॅसिफिकला मिळते ते टोक. मे 1804मध्ये निघालेली लुईस आणि क्लार्क यांची, अमेरिकी सरकारने पश्चिमेच्या शोधासाठी पाठवलेली तुकडी नोव्हेंबर 1805मध्ये इथे पोचली. माया लिन या कलाकार बाईंनी नदीकाठच्या स्मारकांच्या एका प्रकल्पात तिथे पायवाट केली, तिच्यावर त्या तुकडीच्या रोजनिशीतल्या नोंदी कोरल्या आहेत. वाचत वाचत समुद्राकडे जायचं. दुसरी वाट ऑयस्टरच्या शिंपल्यांच्या चुऱ्याची, तिथे चिनूक या नदीमुखाजवळच्या मूळ रहिवाशांचं स्तुतिगीत आहे. आणि मासे साफ करायचा ओटा! काळा बेसॉल्ट, त्यावर चिनूकांची उत्पत्तिकथा: माशाला आडवा छेद देऊ नकोस असं बजावूनही दक्षिण वाऱ्याने तो दिला आणि माशाचा प्रचंड गरुडपक्षी झाला. एक आजोबा त्याच ओट्यावर सामन मासा चिरत होते, खवलं अक्षरांत अडकत होती. स्मारक असंच हवं, रोजच्या वापरातलं.

सह्यवेडा
नदीकाठ, ओटा देखणा असेलच. पण चिनूकांच्या पदरात काय पडलं? अमेरिकी सरकारने जानेवारी 2001मध्ये त्यांना जमात म्हणून मान्यता दिली आणि जुलै 2002मध्ये काढून घेतली. नदीच्या वरच्या अंगाला सेलिलोचा धबधबा होता, हजारो वर्षांची मासेमारीची जागा. 10 मार्च 1957ला धरणाच्या पाण्यात गेला. ज्यांची नदी गेली त्यांचं गाणं जमिनीवर कोरायचं आणि आपण हळहळून घरी यायचं, हे मला पटत नाही.

नदीकाठ
मान्यता देणं कलाकाराच्या हातात नाही हो. आणि लिन यांना बोलावणाऱ्यांत जमातींची माणसंही होती. त्यांनाच हे हवं होतं, तर आपण नको म्हणणारे कोण?

भटकभवानी
या सगळ्यात मोहिमेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. सँडी नदीच्या मुखाशी याच प्रकल्पातलं पक्षिनिरीक्षणाचं लाकडी घर बघा. मोहिमेने पश्चिमेकडे जाताना टिपलेल्या 134 प्रजातींची नावं त्याच्या पट्ट्यांवर आहेत, शिवाय आज कोणाची काय अवस्था आहे तेही. त्या माणसांनी लिहून ठेवलं नसतं तर आपण काय गमावलं हे कशाशी ताडून बघितलं असतं? हिवाळा कुठे काढायचा हे ठरवताना यॉर्क हा क्लार्कचा गुलाम आणि सकागाविया ही तुकडीसोबतची शोशोनी जमातीची दुभाषी बाई यांचंही मत नोंदवलं गेलं, 1805 साली!

सह्यवेडा
नोंदींचं मोल मान्य, त्या 134 नावांबद्दल तुमचं बरोबर आहे. पण परतल्यावर क्लार्कने त्याच यॉर्कला कित्येक वर्षं मुक्त केलं नाही, हेही त्या मतासोबत सांगा. मला पटणारी गोष्ट वेगळी आहे. मार्च 1806मध्ये परत निघताना तुकडीने चिनूकांच्याच गोतातल्या क्लॅटसॉप लोकांची एक होडी चोरली. 2011मध्ये क्लार्कच्या वंशजांनी चिनूकांना तशी नवी होडी करून दिली. ती पाण्यात घालता येते, वल्हवता येते. पायवाटेसोबत अशा होड्याही परत जायला हव्यात.

नदीकाठ
होडीचं ठाऊक नव्हतं. तरी ओटा मी सोडणार नाही, त्या आजोबांनी निघताना पाणी ओतून अक्षरं बोटाने स्वच्छ केली होती.