‘स्पेक्ट्रल’ला मराठीत काय म्हणावे? (बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी सोलापुरातील त्यांचे भाग दिले आहेत.)

जुळे सोलापूर : ‘स्पेक्ट्रल’ (२०१६) या सैनिकी विज्ञानपटाचा परिचय लिहिताना मी नावापाशीच अडलो आहे. मोल्दोव्हाच्या युद्धग्रस्त राजधानीत अमेरिकन सैनिकांना एक अदृश्य शत्रू गाठतो, जो स्पर्शाने मारतो आणि खास कॅमेऱ्यातूनच दिसतो. नावात वर्णपट आणि भुताटकी हे दोन्ही अर्थ आहेत. ‘वर्णपटीय’ लिहिले की भीती उरत नाही, आणि एका संपादकांनी सुचवलेले ‘पिशाच्च’ लिहिले की विज्ञान जाते.

विजापूर वेस : लॅटिनमध्ये ‘स्पेक्ट्रम’ या मूळ शब्दाचा अर्थच ‘दिसलेले रूप, आभास’ असा आहे, आणि न्यूटनने १६७२ च्या लेखात लोलकातून भिंतीवर पडलेल्या रंगपट्ट्याला तोच शब्द वापरला. आपल्याकडे ‘भूत’ आहेच की! पंचमहाभूतांतले भूत म्हणजे पदार्थ, ‘भौतिक’ हा शब्द त्यावरूनच आला, आणि वडाखालचे भूतही तोच शब्द. चित्रपटातला शत्रूसुद्धा शेवटी पदार्थच निघतो, ‘बोस-आइन्स्टाइन संघनित’ नावाच्या अवस्थेतला. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या संशोधनातून पुढे आलेली ती अवस्था १९९५ साली रुबिडियमच्या अणूंपासून प्रत्यक्ष बनवली गेली. नुसते ‘भूत’ लिहा.

साखर पेठ : ‘वर्णपट’ इतक्या सहज सोडू नका. पट म्हणजे वस्त्र. आमच्या घरी माग होता. लाल ताण्यात हिरवा बाणा भरताना चादरीवर कोन बदलला की तिसराच रंग झळके, आणि जवळ जाऊन बोट ठेवले की तिथे फक्त लाल आणि हिरवे सूत असे. मला तो शब्द भीतिदायकच वाटतो. आम्ही घरात तेलुगू बोलतो आणि भुताला ‘दय्यम’ म्हणतो, शेजारच्या कानडी आजी ‘देव्वा’ म्हणत. दोन्हींचे मूळ ‘दैव’, ‘देव’ यांतच असावे असे माझे मत आहे.

होटगी रस्ता : मराठी शब्द शोधताना तेलुगू-कानडीकडे जाण्याचे कारण समजले नाही. ‘चकवा’ हा अस्सल शब्द आहे.

साखर पेठ : सोलापुरात तिन्ही भाषा एकाच अंगणात वाढल्या, त्यामुळे ‘अस्सल’ची रेघ कुठे ओढायची हे आपणच सांगावे. शिवाय चकवा रात्रभर शेतात फिरवतो, मारत नाही.

अक्कलकोट रस्ता : चित्रपटातल्या शत्रूला लोखंडाचा कीस अडवतो, हे कुणी लक्षात घेतले नाही. माझी आजी बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवत असे आणि ज्याच्यासाठी ठेवला त्याचे नाव तोंडातून काढत नसे. ‘बाहेरचं’ एवढेच म्हणे. सैनिकांच्या तोंडी मला तोच शब्द योग्य वाटतो.

विजापूर वेस : आमच्याकडे विळा नव्हे, अडकित्ता ठेवत.

अक्कलकोट रस्ता : अडकित्ता पान खाणाऱ्या घरांत. खेड्यात विळाच, आणि त्याचे पाते दाराकडे केलेले असे.