शब्दचर्चा : फिलिबस्टरला मराठीत काय म्हणायचं?

सोनचाफा : अमेरिकी सिनेटच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि 'फिलिबस्टर'पाशी अडलेय, म्हणजे या वरिष्ठ सभागृहात लांबलचक बोलून किंवा नियमांचा आधार घेऊन विधेयक मतदानाला येऊच न देणं. मी 'वेळकाढूपणा' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'भाषणबाजी' केलं. मला दोन्ही खटकतात. एकाच परिच्छेदात १९५७ची घटना आहे आणि २०१३चीही. दोन्हीकडे एकच शब्द चालवायचा का?

गावकूस : चऱ्हाट! कीर्तनकार लांबण लावायला लागला की आमची आजी म्हणायची, "लावलं यानं चऱ्हाट." सिनेट सदस्य स्ट्रॉम थर्मंड २८ ऑगस्ट १९५७ला नागरी हक्क विधेयकाविरुद्ध उभे राहिले आणि २४ तास १८ मिनिटं बोलत राहिले. विधेयक मंजूर व्हायचं ते झालंच. त्याआधी १९३५ मध्ये दुसरे सदस्य ह्यूई लाँग यांनी तर सभागृहात कालवं तळायची कृती सांगितली होती. चऱ्हाटाइतका नेमका शब्द दुसरा नाही.

जुनापार : शब्दाचं कूळ बघा आधी. डच भाषेतला लुटीवर जगणारा माणूस स्पॅनिशमध्ये 'फिलिबुस्तेरो' झाला, म्हणजे समुद्री लुटारू. पुढे खाजगी फौजा घेऊन परमुलूख बळकावणाऱ्यांना अमेरिकेत हे नाव पडलं. विल्यम वॉकर असाच निकाराग्वात घुसला, १८५६ मध्ये तिथला राष्ट्राध्यक्ष होऊन बसला आणि १८६०मध्ये होंडुरासमध्ये त्याला गोळ्या घातल्या. १८५०च्याच दशकात सभागृह वेठीला धरणाऱ्यांनाही तेच नाव चिकटलं. आपल्याकडे पुंड-पाळेगार होतेच. 'पुंडाई' म्हणा.

पल्याडकर : पुंडाई पटत नाही. पुंड कायदा मोडतो, हे लोक नियमातल्या फटीतून आत शिरतात. मी न्यू जर्सीत राहतो, इथल्या बातम्यांत हा शब्द रोज कानावर पडतो. सिनेटने १८०६मध्ये नियमावली आटोपशीर करताना 'चर्चा पुरे, आता मतदान घ्या' असा प्रस्ताव आणायची तरतूद गाळली, कारण ती फारशी वापरातच नव्हती. अडवणुकीचं हत्यार घडवायचा बेत तेव्हा कुणाचा नव्हता. १९१७मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या दबावाखाली दोनतृतीयांश मतांनी चर्चा थांबवायचा नियम आला. १९७५मध्ये ते प्रमाण तीनपंचमांश झालं, म्हणजे १०० पैकी ६०.

पण खरा बदल वेगळाच आहे. १९७०च्या दशकात अडलेलं विधेयक बाजूला ठेवून दुसरं कामकाज चालू ठेवायची पद्धत पडली. तेव्हापासून उभं राहून बोलायची गरजच उरली नाही. विरोध आहे एवढं कळवायचं. ६० मतं जमत नसतील तर विधेयक पुढे सरकत नाही. बोलणं गेलं, अडवणं राहिलं. म्हणून आजच्यासाठी 'मोडता'. अमक्याने मोडता घातला, हे कुणालाही कळतं.

गावकूस : बोलणं कुठे गेलं? सिनेट सदस्य कोरी बुकर २०२५मध्ये २५ तास ५ मिनिटं बोलले.

पल्याडकर : बोलले, पण कुठलं विधेयक अडवायला नव्हे. तो निषेध होता. नियमाच्या भाषेत ते फिलिबस्टर नव्हतंच.

शुद्धमती : मुळात 'सिनेट' तरी कशाला? 'अधिसभा' आहे की. आणि 'सभारोध' असा सरळ शब्द घडवता येतो. उसन्या शब्दांनी भाषा दुबळी होते.

पल्याडकर : 'अधिसभेत ६० मतं' वाचल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर विद्यापीठाची निवडणूक येईल. आणि रोध सभेचा होतच नाही. सभा सुरळीत चालते, विधेयक तेवढं कुजतं.

नदीकाठ : मोडता, पुंडाई, रोध, सगळे शब्द दूषण देणारे. अल्पमताला बोलायची हमी, ही बाजू कुठे गेली? जो शब्द निवडाल त्यात निवाडा येतोच.

सोनचाफा : कुणाचं अल्पमत? १९२२मध्ये झुंडबळींविरुद्धचं विधेयक खालच्या सभागृहाने मंजूर केलं होतं. सिनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी ते हाणून पाडलं. तसा केंद्रीय कायदा व्हायला २०२२ उजाडलं. ज्यांचे जीव जात होते त्या कृष्णवर्णीयांना दक्षिणेत मतदानही करू दिलं जात नव्हतं. त्यांच्या बाजूने कोण बोलत होतं? मला इथे दूषण देणाराच शब्द हवाय.

नदीकाठ : तो इतिहास मान्य. पण आज एक पक्ष अडवतो, उद्या दुसरा. २०१३मध्ये डेमोक्रॅट्सनी सिनेटच्या मंजुरीला येणाऱ्या बहुतेक नेमणुकांपुरता हा अडसर काढला. २०१७मध्ये रिपब्लिकनांनी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठीही काढला. दूषण द्यायचं तर दोघांना सारखं द्या.

जुनापार : 'अडसर' चांगला आहे, पण तो दाराला आतून घालतात. बाहेरचा कसा घालेल?

पल्याडकर : सिनेट सदस्य आतलेच की! उलट हाच मुद्दा 'अडसर'च्या बाजूचा आहे.

शुद्धमती : अडसर ही वस्तू आहे, फिलिबस्टर ही कृती. व्याकरणाने जुळत नाही.

सोनचाफा : १९५७ला 'चऱ्हाट' लिहून पाठवते. संपादक ग्राम्य म्हणून खोडतील बहुधा. २०१३चं वाक्य अजून कोरंच आहे.

गावकूस : ग्राम्य? चऱ्हाट हा दोरखंडाचा शब्द, त्यात ग्राम्य काय? हे आधी ठरू द्या.